मोहरीचं झाड होत नाही

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की आधी वास येतो. कोथिंबिरीचा, मेथीचा, पोत्यातल्या नव्या गव्हाचा, आणि पाय बांधून कोपऱ्यात ठेवलेल्या कोंबड्यांचा. पुलपिटापुढच्या सतरंजीवर ज्याने त्याने आपल्या रानातलं आणून ठेवलेलं असतं. ज्याला रान नाही तो परड्यातला भोपळा आणतो, नाहीतर दोन अंडी. उपासनेनंतर लिलाव होतो आणि एकच अंडं पुन्हा पुन्हा विकलं जातं, कारण घेणारा ते परत सतरंजीवर ठेवतो आणि बोली नव्याने सुरू होते. त्या दिवशी पाळकसाहेबांनी येशूने देवाच्या राज्याविषयी सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला, म्हणजे दृष्टान्त, घेतला होता. सगळ्या दाण्यांत लहान दाणा, त्याचं होणारं मोठं झाड, त्याच्या फांद्यांत राहायला येणारी पाखरं. तिथून संदेश नव्या इमारतीवर आला. आमचं दगडी, बुटकं चर्च आता जुनं झालंय. त्याच्या जागी मोठं बांधायचं, पुढे घंटेचा मनोरा उभारायचा, देवाने आपल्या मंडळीचं असंच झाड करावं. लोक ‘आमेन’ म्हणाले. मीही म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

बाहेर चपला शोधताना शेजारी तात्या होते. दरवर्षी गव्हाच्या कडेकडेने मोहरी टाकणारे, आणि सणाला तीच फडक्यात बांधून आणणारे. टोपी झटकत म्हणाले, “दाखला ब्येस झाला. पण मोहरीचं काय झाड होत नसतं, बाई. छातीला लागती. लई झाली तर डोक्याला. मग वाळून जाती. झोडपून दाणा काढायचा अन् काड्या चुलीत घालायच्या.” मग जरा थांबून म्हणाले, “पाखरं येत्यात मात्र. बसत्यात, झुलत्यात, टिपून जात्यात.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पाळकसाहेबांची चूक काढायची हौसही नव्हती. उलट त्या दाखल्यातलं त्यांना जे आवडलं होतं तेच ते सांगत होते, असं वाटलं. चपला सापडल्या, तात्या गेले. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं आणि बरेच दिवस हललं नाही.

गालीलातली काळी मोहरी आपल्याकडच्या मोहरीपेक्षा उंच होते, माणसाच्या डोक्यावरून जाते, हे खरं. तरी ती मोहरीच. वर्षभरात संपणारी, भाजीपाल्याच्या रांगेतली. येशूसमोर बसलेले लोक शेतकरी आणि कोळी होते. तात्यांना जे माहीत आहे ते त्यांनाही माहीत असणार. शिवाय त्यांच्या कानांत दुसरंच एक झाड होतं. यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलं होतं की देव गंधसरूच्या शेंड्याची कोवळी डहाळी खुडून उंच डोंगरावर लावील, तिचा भव्य वृक्ष होईल आणि तऱ्हेतऱ्हेची पाखरं त्याच्या सावलीत राहतील. लबानोनचा गंधसरू म्हणजे शलमोन राजाच्या मंदिराचं लाकूड, राजांचं झाड. देवाचं राज्य कसं असेल या प्रश्नाचं उत्तर त्या लोकांना तयार होतं. पाखरं तीच, फांद्याही त्याच, आणि झाडाच्या जागी येशूने आणून लावली मोहरी. रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवलंय की मोहरी एकदा पेरली की ती जमिनीतून घालवणं कठीण, दाणा पडला की लगेच उगवते. यहुदी नियमांत तर तिला बागेच्या वाफ्यात लावायलाही मनाई होती. दाणा लहान असतो एवढंच सांगायचं असतं, तर त्याच लहान दाण्यातून शेवटी गंधसरूच उगवला असता. तसं झालं नाही. दाणाही साधा आणि त्यातून आलेलं झाडही साधंच.

आम्ही मात्र त्या दाखल्यात गंधसरू वाचत आलोय.

लहानपणापासून मी नाताळचे संदेश ऐकलेत. त्यातल्या बऱ्याच संदेशांना एक चढ असतो. गोठ्यात जन्मला, पण राजांचा राजा झाला. गरिबाघरी आला, पण आज जगभर त्याचं नाव आहे. त्या ‘पण’वर आवाज चढतो. ऐकायला छान वाटतं, अंगावर काटा येतो. आणि गव्हाणी पहिली पायरी होऊन मागे पडते, जणू देवाला तिथे नाइलाजाने थोडा वेळ काढावा लागला. येशूचं चरित्र सांगणारं लूकचं शुभवर्तमान वाचताना मला तसा नाइलाज दिसत नाही. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर मरीया आणि योसेफ त्याला मंदिरात नेतात. नियमशास्त्राप्रमाणे अर्पण म्हणून कोकरू द्यायचं. ज्याची ऐपत नसेल त्याने होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं दिली तरी चालतं. लूक लिहितो ते होल्या-पारव्यांचं. कोकराचं नावही नाही. एवढ्या एका ओळीत त्या घराची सगळी मिळकत कळते. होले आमच्याकडे विहिरीच्या काठावर, बाभळीवर, विजेच्या तारेवर असतात, दुपारभर घुमत असतात, कुणी मान वर करूनही बघत नाही. देवाच्या पुत्रासाठी मंदिरात दिलेलं पहिलं अर्पण ते.

मोठेपणा काही लांब नव्हता, शेजारीच होता. येशू जन्मला त्या बेथलेहेमपासून पाचेक किलोमीटरवर हेरोद राजाने स्वतःच्या नावाचा गड बांधला होता. टेकडीला भराव घालून तिला शंकूसारखा आकार दिलेला, वर महाल, खाली वाळवंटाच्या तोंडावर बागा आणि पाण्याचा मोठा तलाव. मेल्यावर त्याला पुरलंही तिथेच. त्याची कबर पुरातत्त्वज्ञांना २००७ साली सापडली. येशूच्या जन्मरात्री मेंढपाळ ज्या माळावर राखण करत होते तिथून ती टेकडी दिसत असणार. पुढे येशू वाढला त्या नासरेथातही तेच. ज्या गावाचं नाव अख्ख्या जुन्या करारात एकदाही येत नाही असं ते खेडं, आणि सहा-सात किलोमीटरवर त्या हेरोदाचा मुलगा हेरोद अंतिपा सेफोरीस नावाचं देखणं शहर बांधून घेत होता. सुताराच्या घरातल्या माणसाला तिथे हाताला काम असेल, जाणंयेणंही असेल. तरी चारही शुभवर्तमानांत त्या शहराचा उल्लेख नाही. आहेत ती कफर्णहूम, बेथसैदा, काना, नाईन, बेथानी. म्हणजे कोळीवाडे, वस्त्या, लग्नघरं आणि गावाच्या वेशीबाहेर निघालेली एका विधवेच्या मुलाची प्रेतयात्रा. आणि तीस वर्षं, ज्यांच्याबद्दल जन्माच्या आसपासचं आणि बाराव्या वर्षीचा मंदिरातला एक प्रसंग सोडला तर काही लिहिलेलं नाही. रंधा मारण्यात, दाराच्या चौकटी बसवण्यात गेलेली तीस वर्षं. ती पूर्वतयारी होती असं आपण म्हणतो. मला वाटतं तीही देवाचीच वर्षं होती, उपदेशाच्या पुढच्या तीन वर्षांइतकीच पूर्ण.

हे लिहिताना आजी आठवते. ती बायबल-बाई होती. कापडी पिशवीत एकेका शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका, वर फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा, डोईवर पदर, आणि पायांत टायरच्या चपला. ओढा ओलांडून वाड्या-वस्त्यांवर जायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर असायची. ती मोठ्या वयात मिशनच्या बाईंकडून वाचायला शिकली होती, त्यामुळे तिचं वाचणं हळू, बोटाखालून एकेक अक्षर सरकवत. ऐकणाऱ्या बायका तोवर शेंगा फोडत बसायच्या, मध्येच एखादी उठून शेरडाला हाकलून यायची, कुणाच्या तरी पोराला गोवर निघालेला असायचा. आजी पुस्तक मिटून आधी त्या पोराकडे जायची. एकदा एका घरी पोचलो तर बाईला ताप होता, चूल गार. आजीने पिशवी खुंटीला लावली, ज्वारीचं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, तिच्या लेकरांना वाढलं. मग उशीर झाला म्हणून आम्ही निघालोच. वाचन झालंच नाही. वाटेत मी विचारलं, “आजी, आज काहीच सांगितलं नाही का?” ती म्हणाली, “झालं की.” तिच्या बोटांच्या पेरांत पीठ सुकून पांढरं झालं होतं, आणि चालता चालता ती ते नखाने खरवडत होती. आजीच्या सेवेने किती जण बाप्तिस्मा पावले, असं तिच्या निरोप समारंभात कुणीतरी विचारलं होतं. तिला आकडा सांगता आला नाही. तिने कधी मोजलं नव्हतं, आणि मोजलं असतं तरी बहुधा फार भरलं नसतं.

पण इथे मला अडखळायला होतं, आणि ते अडखळणं मी लपवणार नाही. लहान असण्याचं हे गोड कौतुक कुणी करावं? माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांच्या वाट्याला आलेलं लहान असणं त्यांनी निवडलेलं नव्हतं. ते लादलेलं होतं. गावची येसकरकी म्हणजे वेशीची राखणदारी, उंबऱ्यापासून लांब उभं राहून मागितलेली भाकर, वरून ओतलेलं पाणी. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांनी अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्त स्वीकारला तो आणखी लहान व्हायला नव्हे. ताठ उभं राहायला मिळालं, पोराच्या हातात पाटी आली, मुलगी शाळेत गेली, म्हणून. अशा माणसांना ‘नम्र व्हा, लहान राहा’ असं सांगणं म्हणजे अन्यायाला वचनाचा आधार देणं. मनोऱ्याची आमची ओढही त्यातूनच येते, हे मला कळतं. ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या देवळाची पायरी चढता आली नाही, त्यांना वाटणारच की आपलं चर्च चार गावांतून दिसावं. मलाही वाटतं. त्या दिवशीचं माझं ‘आमेन’ तिथूनच आलं होतं.

यावर मला जे उत्तर मिळत गेलं ते मरीयेच्या स्तोत्रात आहे. पोटात बाळ असताना ती गाते की देवाने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं, भुकेलेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. हे नम्रतेचं अंगाईगीत नाही. देव खाली आला तो खाली राहणं किती छान असतं हे शिकवायला आला नाही. ज्याला जगाने खालचं म्हटलं त्याच्या ओळीत येऊन बसला, आणि मग त्या ओळीला खालची म्हणायची सोय उरली नाही. माझ्या पणजोबा-पणजीला हे तत्त्वज्ञान म्हणून कुणी सांगितलं नसेल. पण त्यांचा प्रभू जनावरांत जन्मला, त्याची आई गरीब होती, त्याला गावाबाहेर नेऊन मारलं, हे ऐकल्यावर त्यांना तो आपल्यातला वाटला. राजवाड्यात जन्मलेला देव त्यांच्याकडून भाकर मागून खाईल यावर त्यांचा विश्वास बसला नसता.

आपल्याकडचीच एक गोष्ट. पंडिता रमाबाईंनी मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू केलं तेव्हा मुली होत्या दोन. ही गोष्ट नेहमी पुढच्या आकड्यांसाठी सांगितली जाते. दुष्काळात केडगावला आलेल्या शेकडो मुली आणि बायका, तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनचा पसारा. पण मला थांबावंसं वाटतं ते त्यांच्या शेवटच्या वर्षांपाशी. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं, आणि वाचक म्हणून डोळ्यांसमोर ठेवल्या त्या साध्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बायका. भाषा त्यांच्यासाठी सोपी केली. आणि ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींनी. ज्यांना दुष्काळात कुणी विचारलं नव्हतं त्यांच्या बोटांनी खिळा खिळा जुळवून मत्तय, मार्क, लूक, योहान उभे केले. १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. बांधलेलं पूर्ण बायबल बाहेर आलं ते त्यानंतर. ज्या बाईंना सभा जिंकता येत होत्या त्यांनी शेवटची ताकद खर्च केली ती वाक्यं लहान करण्यात.

तात्यांचं वाक्य मनात घोळत असतानाच गावाबाहेर कोप्या पडल्या. दरवर्षी पडतात. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की बीडकडून ऊसतोडीची जोडपी येतात, बैलगाड्या, भांडी, पोरं, कोंबड्या घेऊन. बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही अशी. नाताळच्या आठवड्यात मी मुलांसोबत चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा मांडत होते. कापसाचं बर्फ, चांदणीचा दिवा, स्वच्छ पेंढा. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावात खरा बैल आणि खरं गाढव आणून पहिला देखावा मांडला होता, बाळाचे हाल डोळ्यांनी दिसावेत म्हणून. आमच्या देखाव्यात हाल नव्हते, सगळं चकचकीत होतं. पेंढा कमी पडला म्हणून मी कोप्यांकडे उसाचे वाढे मागायला गेले. एका कोपीच्या दाराशी बैल बांधलेले, शेणाचा आणि उसाच्या आंबूस रसाचा वास, आणि आत लुगड्याच्या झोळीत चार-पाच दिवसांचं मूल. आई चुलीपाशी बसून भाकरी भाजत होती. उद्यापासून फडात जाणार म्हणाली. उचल घेतलीय, मुकादम थांबत नाही. तिच्या ओठांना भेगा होत्या. झोळीवर माशा बसत होत्या आणि तिची मोठी मुलगी, असेल सहा वर्षांची, वाढ्याच्या पात्याने त्या हाकलत होती, एका लयीत, न कंटाळता. तिथे मला काही दिव्य दिसलं असं मी म्हणणार नाही. राग आला, लाज वाटली, काय बोलावं कळेना. पण परत येऊन कापसाच्या बर्फाला हात लावावासा वाटेना. देव जिथे आला ती जागा सुंदर नव्हती, तिथे तो आला म्हणून ती आपण सुंदर करून टाकली, आणि आता तशा जागा समोर आल्या तर आपल्याला ओळखू येत नाहीत.

बरं, गव्हाणी ही सुरुवात होती आणि खरा मोठेपणा पुनरुत्थानात, असं मानलं तरी शुभवर्तमानं साथ देत नाहीत. मरणावर विजय मिळवल्यावर कुणीही काय केलं असतं? रोमन सुभेदार पिलातापुढे जाऊन उभा राहिला असता. हेरोद अंतिपाच्या महालात, महायाजकाच्या वाड्यात दर्शन दिलं असतं. सगळं यरुशलेम त्या दिवशी पायाशी लोळलं असतं. येशू त्यातल्या कुणालाच भेटत नाही. पहिल्यांदा भेटतो तो रडणाऱ्या मरीया मग्दालीया या शिष्येला, आणि तिला तो माळी वाटतो. बागेत काम करणारा कुणी साधा माणूस. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघांना भेटतो तर नुसता सोबत चालणारा वाटसरू. आणि तिबिर्याच्या सरोवराकाठी, रात्रभर जाळं टाकून हाती काही न लागलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात, तर हा निखाऱ्यांवर मासळी भाजत बसलेला. शेजारी भाकर. म्हणतो, “या, न्याहारी करा.” मरणातून उठलेल्या हातांवर खिळ्यांचे घाय आहेत, आणि त्या हातांनी तो मासळी उलटतोय, जळू नये म्हणून. योहानाच्या शुभवर्तमानातलं हे एकविसावं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं. आता त्याला लपायचं कारण नव्हतं, परीक्षा संपली होती, सगळा अधिकार हाती होता. तरी तो तसाच राहिला. दाण्याच्या वेळी जसा होता तसाच, मोहरीएवढा; पाखरांना बसता येईल, झुलता येईल आणि पोट भरून जाता येईल इतकाच उंच.

आमच्या मंडळीची पुढच्या रविवारी मीटिंग आहे. तरुण बरेचसे पुण्याला गेलेत, उपासनेला मागची बाकं रिकामी असतात, आणि तरी वर्गणी बरी जमलीय. मनोऱ्याचा नकाशा भिंतीवर लागला आहे, देखणा आहे. मी बोलायला नाव दिलंय. दगडी चर्च राहू द्यावं, छताची गळती काढावी, आणि जमलेल्या पैशांतून मागची पडवी नीट बांधून घ्यावी: पक्का ओटा, मोठी चूल, पाण्याचा नळ, दारं-खिडक्या असलेली एक मोठी खोली. हंगामात कोप्यांवरची लेकरं दिवसभर तिथे राहू शकतील, जेवतील. झोळी टांगायला कड्या बसवून घेता येतील. सांभाळायला माणसं लागतील, ती कुठून येणार हे मला अजून नीट माहीत नाही. आमच्यातल्या तीन-चार जणींशी बोलणं झालंय, दोघी तयार आहेत. विरोध होईल, आणि विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला परकं नाही. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, “पडवीचं बघा. गवंडी मी देतो.”